मानपत्रावरील नाव : एडवर्ड मरो

आपल्या संस्थानी शहरांतील जुन्या घराण्यांना मानमरातबाची रीत नवी नाही. कोणाच्या पेटीत आजोबांना मिळालेली सनद असते, कोणाकडे दसऱ्याच्या दरबारातील पोशाख असतो, कोणाकडे राज्यारोहणाच्या महोत्सवाचे पदक. सणावारी आपण ते बाहेर काढतो, मुलांना दाखवतो आणि पुन्हा जपून ठेवतो. परंतु या मानाला दुसरीही एक बाजू असे, हे घरातील वडीलधारी मंडळी जाणून होती. ज्याच्या हातून शालजोडी घ्यायची त्याच्यासमोर अप्रिय गोष्ट काढणे कठीण. चाकरी लांबली की मान वाढे, आणि मान वाढला की जीभ जड होई.

हे आठवण्याचे कारण दूरदेशीचे आहे. अमेरिकेत गावोगावी दूरचित्रवाणीची स्थानिक केंद्रे आहेत. आपल्या जिल्ह्यातील पूर, आग, निवडणूक, शाळा यांच्या बातम्या लोकांना तेथून कळतात. अशा केंद्रांवर २५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घालविलेल्या वार्ताहरांचा, छायाचित्रकारांचा आणि निवेदकांचा सत्कार करण्याची तेथे प्रथा असून त्या सन्मानाला रौप्य वर्तुळ अशा अर्थाचे नाव आहे. नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या वृत्तसंचालकांची जी संघटना आहे, तिच्यातर्फे १९७१ पासून उत्कृष्ट वृत्तकार्यासाठी पारितोषिके दिली जातात. लहानशा गावाचे केंद्रही त्यांना पात्र असते. ही पारितोषिके एडवर्ड मरो याच्या नावाने आहेत. मरो गावच्या केंद्रावर कधी नोकरीस नव्हता. शिवाय ज्या संघटनेने त्याचे नाव आपल्या मानपत्रावर कोरले, तिच्याच मेळाव्यात त्याने एकदा सर्वांचा विरस होईल असे भाषण केले होते. हा मेळ कसा बसला, हे त्याचे चरित्र पाहिल्यावाचून कळत नाही.

मरोचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी उत्तर कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरोजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे साधे राहणारे आणि सदसद्विवेकाला फार मानणारे. घरात वीज नव्हती. आईबापांनी त्याचे नाव एग्बर्ट ठेवले होते. तो सहा वर्षांचा असताना कुटुंबाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ वॉशिंग्टन राज्यात बिऱ्हाड हलविले. बाप लाकूड वाहणाऱ्या आगगाडीवर कामाला लागला. मुलगाही पुढे सुटीत लाकूडतोड्यांच्या तळावर राबू लागला. एग्बर्ट हे नाव तसल्या रांगड्या मंडळीत चालण्यासारखे नव्हते. त्याने ते बदलून एडवर्ड केले.

राज्याच्या महाविद्यालयात त्याला आयडा लू अँडरसन या वक्तृत्वाच्या शिक्षिका भेटल्या. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचे शरीर वाकले होते, पण वाणी व बुद्धी तेजस्वी होती. शब्द कोठे टाकावा, कोठे थांबावे, उसना आवेश का टाळावा, हे त्यांनी या रांगड्या पोराला शिकविले. पुढे तो लंडनहून बोलू लागला तेव्हा आरंभीच्या वाक्यात पहिल्या शब्दानंतर किंचित थांबावे, अशी सूचना त्यांनीच कळविली होती. तो विराम म्हणजेच मरोची ओळख झाली.

१९३० साली पदवी घेतल्यावर तो विद्यार्थी चळवळीत पडला आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेत साहाय्यक संचालक झाला. पुढल्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. जर्मन विद्यापीठांतून ज्यू आणि स्वतंत्र मताचे अध्यापक हाकलले जाऊ लागले. त्यांना अमेरिकेत जागा मिळवून देण्यासाठी जी समिती निघाली तिचे बरेचसे काम या पंचविशीतल्या तरुणाने वाहिले. या समितीने अखेरपर्यंत तीनशेहून अधिक विद्वानांना आधार दिला. परदेशातील विद्यापीठांशी ठेवलेला हाच संबंध पुढे वीस वर्षांनी त्याच्यावर आरोप करण्यासाठी वापरला जाणार होता.

१९३४ मध्ये त्याने जॅनेट ब्रूस्टर यांच्याशी विवाह केला. १९३५ मध्ये तो कोलंबिया नभोवाणी कंपनीत शिरला आणि १९३७ मध्ये तिचा युरोपचा प्रमुख म्हणून लंडनला गेला. स्वतः बोलणे हे त्याचे काम नव्हते. इतरांची भाषणे व गायनाचे कार्यक्रम जुळवून आणणे हेच त्याचे काम. १९३८ च्या मार्चमध्ये तो वॉर्सात अशाच कामात गुंतलेला असताना जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्याचा सहकारी विल्यम शायरर व्हिएन्नात होता, पण तेथील नभोवाणीची दारे त्याला बंद झाली. मरोने शायररला लंडनला जाऊन बोलण्यास सांगितले, आणि आपण बर्लिनला पोहोचून एक अख्खे प्रवासी विमान भाड्याने घेऊन त्यात एकटा बसून व्हिएन्ना गाठले. १३ मार्चच्या रात्री लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना अशा राजधान्यांची वार्ता एकाच कार्यक्रमात अमेरिकेला द्यायची असे ठरले. व्हिएन्नाची वार्ता मरोने स्वतः सांगितली. ठिकठिकाणचे वार्ताहर जोडून बातम्या देण्याची आज अंगवळणी पडलेली पद्धत त्या रात्रीपासून रुळली. कार्यक्रम जुळविणारा मरो त्या दिवशी वार्ताहर झाला.

१९४० च्या उन्हाळ्यात लंडनवर बॉम्ब पडू लागले. ट्रफाल्गर चौकात एका रात्री भोंगा वाजला असता त्याने ध्वनिग्राहक जमिनीजवळ नेला आणि आसऱ्याकडे चाललेल्या लोकांची पावले अमेरिकेला ऐकविली. ती पावले धावत नव्हती, शांतपणे चालत होती. लंडन कसे टिकले आहे, हे सांगायला त्याला आणखी विशेषणे लागली नाहीत. पुढे छपरावर उभे राहून हल्ला चालू असताना बोलण्याची परवानगीही त्याने अधिकाऱ्यांकडून मोठ्या चिकाटीने मिळविली. कंपनीचे दफ्तर बॉम्बखाली गेले तेव्हा दुसरीकडे बिऱ्हाड थाटून काम चालू ठेवले. युद्धाच्या काळात तो बॉम्बफेकी विमानांतून सुमारे दोन डझन वेळा गेला. डिसेंबर १९४३ मध्ये तो बर्लिनवरील हल्ल्यात गेला होता. त्याच रात्री इतर विमानांतून गेलेले काही वार्ताहर परत आले नाहीत. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी मुक्त होताच तो आत गेला आणि तीन दिवसांनी त्याने तिचे वर्णन नभोवाणीवर केले. ऐकणाऱ्याला अन्न गोड लागू नये असे ते वर्णन होते, आणि त्याबद्दल त्याने क्षमा मागितली नाही.

युद्धानंतर कंपनीने त्याला उपाध्यक्ष केले. माणसे नेमणे, काढणे आणि हिशेब पाहणे या कामात तो रमला नाही. १९४७ मध्ये ते पद सोडून तो पुन्हा बोलायला बसला. याच काळातील दोन गोष्टी त्याच्या चाहत्यांना अडचणीच्या वाटतात, पण चरित्रकाराने त्या झाकू नयेत. शायररच्या कार्यक्रमाला पैसा पुरविणारी साबणाची कंपनी बाजूला झाली, तेव्हा मरो त्याच्या पाठीशी उभा राहिला नाही. शायरर बाहेर पडला आणि व्हिएन्नाची मैत्री कायमची तुटली. दुसरी गोष्ट १९५० सालची. कंपनीने आपल्या नोकरांकडून राजनिष्ठेच्या प्रश्नपत्रिकेवर सह्या मागितल्या. मरोने सही केली. पगार घेणाऱ्या माणसावर कोठे आणि कसा दाब येतो, हे त्याने ऐकून नव्हे, भोगून जाणले होते.

दूरचित्रवाणीवर तो नाखुशीने आला. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी फ्रेड फ्रेंडली या सहकाऱ्याबरोबर त्याने ‘सी इट नाऊ’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच दिवशी अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकाच वेळी पडद्यावर दिसले. त्या काळी हा चमत्कारच होता. परंतु त्या कार्यक्रमाचे खरे मोल कळून आले ते एका स्थानिक बातमीमुळे.

सिनेटर जोसेफ मॅकार्थी याने त्या दिवसांत कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली देशभर दहशत बसविली होती. नुसता संशय आला तरी माणूस नोकरीला मुके. अशात डेट्रॉईटच्या वृत्तपत्रात एक बातमी आली. मायलो रॅडुलोविच नावाच्या, विमानदलाच्या राखीव तुकडीतील एका लेफ्टनंटला बडतर्फ करण्यात येत होते. त्याच्यावर स्वतःवर आरोप काहीच नव्हता. बाप व बहीण यांच्या मतांबद्दल सरकारला संशय होता आणि त्यांच्याशी संबंध तोडायला हा तयार नव्हता. आरोपाचे पुरावे बंद पाकिटात ठेवलेले, ते त्याला दाखविलेही नाहीत. मरोने आपली माणसे त्या गावी पाठवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना, बापाला, बहिणीला बोलते केले. २० ऑक्टोबर १९५३ रोजी कार्यक्रम झाला आणि महिनाभराने विमानदलाने तो हुकूम मागे घेतला. गावच्या वार्ताहराने टिपलेली बातमी कात्रणातून मरोच्या टेबलावर आली नसती तर त्या लेफ्टनंटचे काय झाले असते, हा विचार करण्यासारखा आहे.

त्यानंतर ९ मार्च १९५४ रोजी त्याने प्रत्यक्ष मॅकार्थीवर कार्यक्रम केला. त्यात बहुतेक वेळ मॅकार्थीच बोलत होता. त्याचीच जुनी भाषणे आणि चौकश्या एकापुढे एक ठेवल्या होत्या, आणि तो कोठे खोटे बोलला हे मरो मध्ये मध्ये दाखवीत होता. शेवटी मतभेद म्हणजे देशद्रोह नव्हे, आणि या भीतीचा सारा दोष एकट्या सिनेटरवर टाकून लोकांना सुटता येणार नाही, असे त्याने सांगितले. कंपनीने कार्यक्रमाची जाहिरात करायचे टाळले. मरो आणि फ्रेंडली यांनी पदरचे १,५०० डॉलर भरून वृत्तपत्रात जाहिरात दिली. पत्रे आणि तारा यांचा पाऊस पडला, आणि बहुतेक सर्व त्याच्या बाजूच्या होत्या. एप्रिलमध्ये मॅकार्थीने उत्तर दिले. त्यात त्याने तरुणपणच्या शिक्षणसंस्थेतील काम उकरून मरोवरच किटाळ आणले. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने मॅकार्थीचा ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेध केला. हे एकट्या मरोचे कर्तृत्व नव्हे. काही वृत्तपत्रांनी त्याच्याआधी झुंज दिली होती आणि सैन्यदलासंबंधीच्या चौकशीतही मॅकार्थी उघडा पडला होता. पण ज्या माध्यमावर लोक करमणूक पाहायला बसत, त्यावर हे बोलण्याचे धाडस मरोने केले, एवढे नक्की.

त्या धाडसाची किंमत हळूहळू वसूल झाली. १९५५ मध्ये प्रश्नोत्तरांतून हजारो डॉलर वाटणारे खेळ लोकप्रिय झाले. जाहिरातीचा पैसा तिकडे वळला. कार्यक्रमाला पैसा देणारी ॲल्युमिनियमची कंपनी दूर झाली, साप्ताहिक वेळ गेली आणि जुलै १९५८ मध्ये कार्यक्रम संपला. गंमत अशी की, नामांकित लोकांच्या घरी कॅमेऱ्याने डोकावण्याचा त्याचा दुसरा कार्यक्रम तोवर जोरात चालला होता आणि त्यानेच त्याला श्रीमंत केले. त्याच वर्षी निरनिराळ्या देशांतील विचारवंतांना एकमेकांशी बोलते करणारा ‘स्मॉल वर्ल्ड’ हा कार्यक्रम त्याने सुरू केला. त्याच्या पहिल्या भागात दिल्लीहून पंडित नेहरू सहभागी झाले होते.

१५ ऑक्टोबर १९५८ रोजी शिकागोत वृत्तसंचालकांचा मेळावा होता. समोर बसलेले होते गावोगावच्या केंद्रांचे प्रमुख. त्यांनी मोठ्या मानाने पाहुण्याला बोलाविले होते. मरोने त्यांची स्तुती केली नाही. हे माध्यम लोकांना शिकवू शकते, पण आपण त्याला सुखासीन करमणुकीचे आणि जाहिरातीचे साधन करून ठेवले आहे, आणि लोकांपासून जगाचे खरे रूप लपवीत आहोत, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आपल्या धन्यांनाही त्याने वगळले नाही. कंपनीचे अध्यक्ष विल्यम पेली यांच्याशी असलेला जुना स्नेह त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

१९६० च्या नोव्हेंबरमध्ये शेतमजुरांच्या हालअपेष्टांवर त्याने निवेदिलेला ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा अनुबोधपट दाखविला गेला. १९६१ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्याला सरकारी माहिती खात्याचा प्रमुख नेमले. तेथे पोहोचताच एक विपरीत घडले. तोच अनुबोधपट इंग्लंडमध्ये दाखविला जाऊ नये म्हणून मरोनेच बी.बी.सी.कडे शब्द टाकला. देशाची नाचक्की टाळणे हे आता त्याचे काम झाले होते. बी.बी.सी.ने ऐकले नाही, हे त्याचे भाग्यच म्हणायचे. मॅकार्थीपुढे न वाकलेला माणूस खुर्चीपुढे वाकला.

सिगारेट त्याच्या बोटांतून कधी सुटली नाही. दिवसाला साठ-साठ ओढी. १९५५ मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर त्याच्याच कार्यक्रमाने दोन भाग दाखविले होते, तरीही व्यसन सुटले नाही. १९६३ मध्ये त्याचे एक फुप्फुस काढावे लागले. पुढील वर्षी त्याने पद सोडले. अमेरिकेचे स्वातंत्र्यपदक आणि ब्रिटनचा मानद नाइटचा किताब हे सन्मान त्याला अखेरच्या दिवसांत मिळाले. २७ एप्रिल १९६५ रोजी, ५७ वर्षे पूर्ण होऊन दोन दिवस झाले असता, न्यूयॉर्क राज्यातील पॉलिंग येथील आपल्या शेतावर त्याने देह ठेवला.

त्यानंतर सहा वर्षांनी, ज्यांना त्याने शिकागोत तोंडावर बोल लावले होते त्यांच्याच संघटनेने त्याच्या नावाने पारितोषिके सुरू केली. यात त्या संघटनेचाही मोठेपणा आहे. आपल्याला गोड न लागलेले बोल तिने विसरू दिले नाहीत. गावच्या केंद्रावर पंचवीस वर्षे घालविलेला माणूस सत्काराला उभा राहतो तेव्हा त्याची चिकाटी, त्याची पावसापाण्यातील धावपळ यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण पंचवीस वर्षांत त्याने न घाबरता सांगितलेली एखादी बातमी असेल, तर त्या मानपत्रावरील नावाला तो जागला असे म्हणता येईल. आणि जेथे तो घाबरला असेल तेथेही मरोच्या चरित्रातील शायरर, ती सही आणि तो अनुबोधपट आठवून त्याने पुन्हा उभे राहावे. आपल्या गावच्या जुन्या वार्ताहरांना शाल व श्रीफळ देताना आपणही एवढे विचारले, तर त्या सत्काराला नुसत्या दरबारी पोशाखाहून अधिक अर्थ येईल.