रात्रशाळेचे गुरुजी : कै. नारायण मल्हार जोशी

मुंबईस गेलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांस ना. म. जोशी हे नाव लोअर परळच्या रस्त्यामुळे ठाऊक असते. त्या रस्त्यास पूर्वी डिलाईल रोड म्हणत. कामगारांचे पुढारी म्हणून त्यांची कीर्ती मोठी. परंतु आरंभी ते आमच्यासारखेच शाळामास्तर होते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा अल्प परिचय.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. १९०१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे काही वर्षे त्यांनी अध्यापन केले व १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापिली. गिरणगावातील मजुरांसाठी रात्रशाळा आणि फिरती वाचनालये हे तिचे मुख्य कार्य होते. मजूर शाळेपर्यंत येत नाही, तर शाळेने मजुरापर्यंत जावे, ही त्यांची रीत.

पण अडचण निराळीच होती. १९११ च्या कायद्यानेसुद्धा कापडगिरणीतील पुरुषाकडून दिवसास बारा तास काम घेण्याची मुभा होती. बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला मनुष्य रात्री पाटी घेऊन बसला, तर त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे ठरावीत कशी? आमच्या वडवणी भागातील वाचकांस हे विस्ताराने सांगणे नलगे. दसरा झाला की टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. तेथे उसाची गाडी अपरात्री आली तरी ती भरावीच लागते. मग कोपीत बसून धडा कोण गिरविणार?

रात्रशाळेनेच जोशींना कामाच्या तासांच्या प्रश्नाकडे नेले असावे, अशी आमची समजूत आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेथे हिंदुस्थानसाठी आठवड्यास साठ तासांची मर्यादा ठरली. १९२२ च्या कायद्याने ती येथे लागू झाली व दिवसाचे काम अकरा तासांवर आले. एकच तास वाचला खरा. पण दमलेल्या विद्यार्थ्यास एका तासाचे मोल काय असते, ते रात्री शिकविणारासच कळते.

१९२० मध्ये आयटक ही कामगारांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. मध्यवर्ती कायदेमंडळातही त्यांनी दीर्घकाळ मजुरांची बाजू मांडली. त्यांच्या मवाळपणाबद्दल पुष्कळांनी त्यांस बोल लावला. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली, तेव्हा स्वतः उभारलेली संघटना सोडून त्यांस बाहेर पडावे लागले. रात्रशाळा मात्र त्यांनी मवाळ म्हणून कधी बंद ठेवल्या नाहीत, एवढे टीकाकारांनी ध्यानात घ्यावयास हवे होते.

त्यांच्या हाताखाली दिल्लीस काम केलेले एक तरुण पुढे शिक्षक झाले व १९३५ साली आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या शाळेत आले. तेच व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील त्यांचे कार्य आपणां सर्वांस विदितच आहे.

नारायणराव ३० मे १९५५ रोजी निवर्तले.