'बीगल'चा कप्तान
डार्विनच्या धड्यात 'बीगल' जहाज आपल्याला भेटलं. त्याचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय मात्र धड्याबाहेरच राहिला. आरमारी शाळेत शिकलेला हा तरुण 23व्या वर्षी त्या जहाजाचा कप्तान झाला होता.

1843 मध्ये तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तो पोहोचण्याआधीच वैराऊ खोऱ्यात जमिनीच्या वादातून चकमक होऊन 22 गोरे मारले गेले होते. माओरींना शिक्षा करा, असा वसाहतवाल्यांचा हट्ट. फिट्झरॉयने माओरी प्रमुखांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, की वादातली जमीन मोजायला घुसलेल्या गोऱ्यांचीच चूक होती. माझ्या मते, पृथ्वीप्रदक्षिणेपेक्षा हे धाडस मोठं. गोरे खवळले. त्यात तिजोरी रिकामी, सैन्य तुटपुंजं, स्वभाव तापट. 1845 मध्ये त्याला परत बोलावलं.

पुढे लंडनमध्ये त्याने हवामान खातं उभं केलं. 1859 च्या वादळात 'रॉयल चार्टर' जहाज शेकडो माणसांसह बुडालं, त्यानंतर तो तारेने बंदरांना वादळाचे इशारे धाडू लागला. अंदाज चुकला की लोक हसत. 1865 मध्ये त्याने स्वतःचं जीवन संपवलं. पुढच्याच वर्षी इशारे बंद झाले. दर्यावर्द्यांनी ओरड केली, तेव्हा पुन्हा सुरू करावे लागले.