विश्लेषण : जनगणनेतून ‘डेटा’चा व्यवसाय उभा करणारे हर्मन हॉलरिथ कोण होते? त्यांच्या यंत्राचे धडे आज का महत्त्वाचे?

भारताची २०२७ची जनगणना डिजिटल पद्धतीने होणार आहे. प्रगणकांच्या हाती कागदी तक्त्यांऐवजी मोबाइल अ‍ॅप असेल आणि नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय असेल. जनगणनेला यंत्राची जोड देण्याचा पहिला मोठा प्रयोग मात्र १८९० मध्ये अमेरिकेत झाला. तो हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याने केला. त्यांच्या कंपनीतूनच पुढे आयबीएम उभी राहिली. माहिती वेगाने मोजता आली की व्यवसाय कसा बदलतो आणि तीच माहिती चुकीच्या हाती पडली की काय होते, हे दोन्ही त्यांच्या यंत्राच्या इतिहासात दिसते.

अडचण नेमकी काय होती?

हॉलरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे, जर्मनीहून आलेल्या कुटुंबात झाला. १८७९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या खाणशास्त्र विद्यालयातून पदवी घेऊन ते १८८०च्या जनगणनेच्या कामाला लागले. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. माहिती गोळा करणे तुलनेने सोपे होते. वेळ खाणारे काम पुढचे होते. कारकून एकेका तक्त्यावरून रेघा मारत मोजणी करत. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय अशा प्रत्येक वर्गवारीसाठी तेच तक्ते पुन्हा चाळावे लागत. सगळे तक्ते पूर्ण व्हायला दशकाचा बहुतेक काळ गेला. लोकसंख्या याच गतीने वाढली तर एका जनगणनेची मोजणी संपण्याआधी दुसरी सुरू होईल, अशी भीती होती.

कल्पना सुचली कशी?

जनगणनेच्या कामात असलेले डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी या मोजणीसाठी यंत्र असायला हवे, असे हॉलरिथ यांना सुचवले. हॉलरिथ यांनी हा विचार सोडला नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काही काळ अध्यापन आणि नंतर वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात नोकरी करताना त्यांचे प्रयोग सुरू होते. १८८४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज केला.

सुरुवातीला त्यांनी कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून पाहिली. पण एखादी नोंद शोधायची तर सगळी पट्टी उलगडावी लागे. मग प्रत्येक माणसासाठी वेगळे कार्ड, हा मार्ग त्यांनी धरला. रेल्वेतील तिकीट तपासनीस प्रवाशाच्या वर्णनानुसार तिकिटाला ठरावीक जागी भोके पाडत, म्हणजे तिकीट दुसऱ्याला वापरता येत नसे. ही पद्धत पाहून कल्पना पक्की झाल्याचे सांगितले जाते. भोके असलेल्या कार्डांवर चालणारे जॅकार्डचे विणकाम यंत्रही तोवर सर्वपरिचित होते.

यंत्र चालायचे कसे?

कार्डावरील प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ होता. तिथे भोक असेल तर ती गोष्ट त्या व्यक्तीला लागू. कार्ड यंत्रात ठेवून दांडा खाली ओढला की वरून सुया उतरत. भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे आणि विजेचे मंडल पूर्ण होई. त्याबरोबर संबंधित तबकडीवरचा काटा एका घराने पुढे सरके. शेजारच्या पेटीतील योग्य कप्प्याचे झाकणही विजेने उघडे आणि कारकून कार्ड त्यात टाकी. त्यामुळे मोजणी आणि वर्गवारी एकाच वेळी होत असे.

याचा खरा फायदा वेगापुरता नव्हता. विशिष्ट वयोगटातील, परदेशात जन्मलेले, विवाहित पुरुष किती, असे अनेक अटींचे प्रश्न आता विचारता येऊ लागले. आजच्या डेटाबेसला आपण विचारतो ते प्रश्न याच धाटणीचे असतात.

१८९० मध्ये काय घडले?

जनगणना कार्यालयाने आधी स्पर्धा घेतली. सेंट लुइस शहरातील चार विभागांची जुनी माहिती तीन पद्धतींना देण्यात आली. माहिती उतरवून घ्यायला हॉलरिथ यांच्या पद्धतीला साडेबाहत्तर तास लागले. प्रतिस्पर्ध्यांना साडेशंभर आणि साडेएकशे चव्वेचाळीस तास. मोजणीत तर फरक फारच मोठा होता. हॉलरिथ यांचे यंत्र साडेपाच तासांत मोकळे झाले. इतर दोघांना अनुक्रमे साडेचव्वेचाळीस आणि साडेपंचावन्न तास लागले.

कंत्राट हॉलरिथ यांना मिळाले. १८९०च्या जनगणनेची ढोबळ लोकसंख्या साधारण सहा आठवड्यांत हाती आली. ती ६ कोटी २६ लाखांच्या आसपास होती. अनेकांना साडेसहा कोटींची अपेक्षा होती. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून यंत्रावरच शंका घेण्यात आली. मोजणी वेगवान झाली, तरी जनगणनेचा एकूण खर्च आधीपेक्षा वाढला. काम सोपे झाल्यावर प्रश्नही वाढले आणि तक्तेही. नवे तंत्रज्ञान आले की खर्च आपोआप घटतो, हा समज तेव्हाही खरा ठरला नव्हता.

सरकारी कामातून व्यवसाय कसा उभा राहिला?

हॉलरिथ यांनी यंत्रे विकली नाहीत, भाड्याने दिली. एका यंत्राचे वार्षिक भाडे हजार डॉलर होते. आज सॉफ्टवेअर विकत न घेता वर्गणी भरून वापरतात, तसाच हा प्रकार. पण जनगणना दहा वर्षांतून एकदा होते; मधल्या काळात यंत्रे पडून राहत. म्हणून त्यांनी ऑस्ट्रिया, कॅनडा, रशियाच्या जनगणनांकडे आणि खासगी कंपन्यांकडे मोर्चा वळवला.

न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेला वर्षाला सुमारे ४० लाख मालवाहतूक पावत्यांचा हिशेब ठेवावा लागे. केवळ माणसे मोजणारे यंत्र तिथे पुरे पडले नाही. हॉलरिथ यांनी बेरीज करणारे यंत्र तयार केले आणि रेल्वे त्यांची ग्राहक झाली. १८९६ मध्ये त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन केली.

सरकारशी बिनसले का?

१९००ची जनगणनाही हॉलरिथ यांच्याच यंत्रांवर झाली. पण एका माणसाच्या पेटंटवर देशाची मोजणी अवलंबून राहणे जनगणना कार्यालयाला खटकू लागले. दरांवरून वाद झाला. संचालक नॉर्थ यांनी कार्यालयातच यंत्रे बनवून घ्यायला सुरुवात केली. हॉलरिथ यांच्या मूळ पेटंटची मुदत १९०६ मध्ये संपली. पुढे ते न्यायालयातही गेले. पण १९१०ची जनगणना त्यांच्याशिवाय पार पडली. कार्यालयातील जेम्स पॉवर्स हे अभियंते नंतर त्यांचे व्यावसायिक प्रतिस्पर्धी झाले.

१९११ मध्ये हॉलरिथ यांनी कंपनी विकली. त्यांच्या वाट्याला सुमारे १२ लाख डॉलर आले. इतर कंपन्यांसह विलीनीकरण होऊन नवी कंपनी बनली, १९१४ मध्ये तिची सूत्रे थॉमस वॉटसन यांच्याकडे आली आणि १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. हॉलरिथ शेतीवाडी आणि गायींत रमले. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मूळ नोंदी सुरक्षित राहिल्या का?

नाही. इतक्या वेगाने मोजलेल्या १८९०च्या जनगणनेचे मूळ तक्ते आज जवळपास शिल्लक नाहीत. आधीच्या जनगणनांच्या प्रती स्थानिक कार्यालयांतही ठेवल्या जात. या वेळी तशी सक्ती नव्हती. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. काही तक्ते जळाले, बरेचसे आग विझवताना भिजले. उरलेले पुढे सरकारी परवानगीने नष्ट करण्यात आले. कोट्यवधी लोकांच्या नोंदी एकाच तळघरात होत्या, दुसरी प्रत नव्हती. आज ज्याला ‘बॅकअप’ म्हणतात, त्याची किंमत अमेरिकेला अशी कळली.

माहितीचा गैरवापर कसा झाला?

जर्मनीत हॉलरिथ यांच्या पेटंटवर चालणारी डेहोमाग ही कंपनी १९१० मध्ये सुरू झाली होती. नंतर तिची मालकी अमेरिकी कंपनीकडे गेली. नाझी राजवटीतील १९३३ आणि १९३९च्या जनगणनांची माहिती याच पद्धतीच्या यंत्रांवर मोजली गेली. १९३९ मध्ये आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, हेही विचारले गेले. छळात या कार्डांचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत; यंत्रे वापरली गेली यावर नाहीत.

लोकशाही देशही याला अपवाद राहिला नाही. १९४०च्या जनगणनेतील माहितीच्या आधारे अमेरिकेने जपानी वंशाचे नागरिक कोणत्या वस्त्यांत राहतात हे शोधले आणि १९४२ मध्ये त्यांना छावण्यांत डांबले. प्रश्नांना उत्तरे देताना त्या कुटुंबांना याची कल्पनाही नव्हती.

आज भारतासाठी याचा अर्थ काय?

जनगणना कायदा, १९४८ नुसार व्यक्तीची जनगणनेतील माहिती गोपनीय असते. ती पुरावा म्हणून न्यायालयात वापरता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणासाठी २०२३चा कायदाही आहे. मात्र कागदी तक्ते चोरायला ट्रक लागला असता. डिजिटल नोंदींची नक्कल क्षणात होते. त्यामुळे माहिती कोण पाहू शकतो, तिच्या प्रती कुठे आहेत आणि यंत्रणा कोणाच्या मालकीची आहे, हे प्रश्न कळीचे ठरतात.

पर्यावरणाचा मुद्दाही आहेच. हॉलरिथ यांना माणशी एक कार्ड लागे. आज कागद वाचतो. पण माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरना वीज आणि थंडाव्यासाठी पाणी लागते. देशातील अशा केंद्रांची सर्वाधिक क्षमता मुंबई-नवी मुंबई परिसरातच आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा त्याच्या हातातील मोबाइलमागे हा सारा पसारा असेल.