विश्लेषण : हिंगणघाटचा कापूस बोटीने का गेला नाही? सर आर्थर कॉटन आणि वर्धेच्या जलमार्गाचे फसलेले गणित

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्गांची यादी केली. त्यात पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता ही नावे पाहून विदर्भात अनेकांच्या भुवया उंचावल्या. एप्रिल-मे महिन्यात पुलगावच्या पुलावरून पाहिले तर वर्धेच्या पात्रात वाळू, खडक आणि मधूनमधून डोह दिसतात. अशा नदीत बोट कशी चालणार? पण ही कल्पना सरकारी बाबूंना अलीकडे सुचलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी सलग वाट धरून हिंगणघाटचा कापूस थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायची योजना आखली गेली होती, तिच्यासाठी बंधारे बांधायला घेतले होते आणि वाफेच्या बोटीही आल्या होत्या. या कल्पनेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता सर आर्थर कॉटन. आडनावाचा अर्थही कापूस, हा निव्वळ योगायोग.

आर्थर कॉटन कोण होते?

जन्म १५ मे १८०३, इंग्लंड. अकरा भावांतले ते दहावे. पंधराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कम्ब येथील लष्करी शाळेत दाखल झाले आणि १८२१ मध्ये मद्रास इलाख्यात इंजिनीअर म्हणून आले. पहिल्या ब्रह्मी युद्धात लढले. मात्र त्यांचे नाव झाले ते पाण्यामुळे. तंजावरकडे कावेरीवरचा चोळकालीन कल्लणै बंधारा त्यांनी बारकाईने पाहिला. वाळूच्या तळावर, खोल पाया न खणता, दगड टाकून उभे केलेले ते काम शतकानुशतके टिकले होते. परदेशी शाळेत न मिळालेला हा धडा त्यांनी उचलला आणि १८३६ मध्ये कोळ्ळिडम नदीवर बंधारे बांधून तंजावरची शेती सावरली.

प्रकृती बिघडल्याने काही काळ ते टास्मानियात राहिले. १८४१ मध्ये तिथेच लग्न झाले. परतल्यावर गोदावरीचे काम त्यांच्याकडे आले. १८३२-३३ च्या दुष्काळात त्या भागात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली होती, आणि शेजारून गोदावरीचे पाणी समुद्रात वाहून जात होते. १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे चार तुकड्यांत मिळून साडेतीन किलोमीटरहून लांब बंधारा उभा राहिला. त्यातून निघालेले कालवे दुहेरी कामाचे होते. शेताला पाणी मिळे आणि त्याच कालव्यांतून शिडाच्या, बांबूने ढकलायच्या किंवा काठावरून दोराने ओढायच्या होड्या धान्य नेत. आंध्रच्या गोदावरी जिल्ह्यांत आजही कॉटन यांचे पुतळे आहेत, जयंत्या होतात, आणि १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या बंधाऱ्याला त्यांचेच नाव आहे. परकीय सत्तेच्या अधिकाऱ्याला असा मान क्वचितच मिळाला असेल.

मग वर्धेचा संबंध कुठे आला?

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्यामुळे कापसाचा मोठा मुलूख एका फटक्यात हाती पडला. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. अडचण वाहतुकीची होती. मुंबईचे बंदर साडेसातशे किलोमीटर दूर. लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून जाणारा माल वाटेत धूळ खाई, पावसात भिजे आणि भाड्यातच त्याची निम्मी कमाई जाई.

कॉटन यांनी नकाशा उलटा वाचला. मुलताईला उगम पावणारी वर्धा पुढे वणा आणि पैनगंगेला पोटात घेऊन वैनगंगेला मिळते. तिथून ती प्राणहिता म्हणून सिरोंच्याजवळ गोदावरीला जाते आणि गोदावरी धवळेश्वरमला. म्हणजे नदीचा उतारच मालाला समुद्राकडे नेत होता. खाली काकीनाडा बंदर होते. वर जाताना मीठ आणि तांदूळ, खाली येताना कापूस. पाण्यावरून माल नेणे लोखंडी रुळांपेक्षा फार स्वस्त पडते, हे त्यांचे आयुष्यभराचे मत. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांवर लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी ते हिरिरीने मांडले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि भारतीय कापसाचे भाव गगनाला भिडले. त्याच वर्षी मध्य प्रांताची स्थापना झाली, कॉटन यांना सर हा किताब मिळाला आणि पुढच्या वर्षी वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल या जलमार्गाच्या बाजूचे होते. प्रत्यक्ष काम पाहणारे इंजिनीअर होते एफ. टी. हेग. कॉटन यांचे काम कल्पना मांडण्याचे आणि लंडनमध्ये तिच्यासाठी भांडण्याचे.

बोटीला पंखा लावायचा की चाक?

योजनेचे सारे यश एका साध्या प्रश्नावर अवलंबून होते. इंजिनाची ताकद पाण्यात उतरवायची कशी?

त्या काळात समुद्रावर हा वाद नुकताच मिटला होता. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनी लंडनमध्ये बोटीच्या पंख्याची, म्हणजे स्क्रूची, वेगवेगळी पेटंटे घेतली. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने रॅटलर ही पंख्याची आणि अलेक्टो ही चाकांची बोट पाठीला पाठ लावून दोराने बांधली आणि दोघींना विरुद्ध दिशांना जोर लावायला सांगितला. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले. समुद्रात चाक तोट्याचे का, हे उघड होते. लाटेवर बोट कलंडली की एक चाक हवेत फिरते आणि दुसरे खोल बुडते. कोळसा जळत गेला की बोट वर उचलली जाते आणि चाक पुरेसे बुडत नाही.

शिडाच्या जहाजांवर इंजिन तेव्हा जोडीला असे, वारा पडला की वापरायला. तिथे पंख्याचा वेगळाच त्रास होता. शिडे फुगलेली असताना पाण्यात नुसता लटकणारा पंखा जहाजाला मागे खेचतो. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या वॉरियर या युद्धनौकेचा सुमारे २६ टनांचा पंखा शेकडो खलाशी दोर ओढून वर उचलून घेत, तो याचसाठी. आजच्या शिडाच्या बोटींवर मिटणाऱ्या पात्यांचा पंखा बसवतात, त्यामागे हेच कारण आहे. ज्याला शिडावर जास्त फिरायचे आहे त्याने मिटणारा किंवा दोनच पात्यांचा पंखा घ्यावा. ज्याला इंजिनावर जास्त जायचे आहे त्याला तीन पात्यांचा साधा पंखा बरा. दोन्ही सुखे एकाच पंख्यात मिळत नाहीत.

पंखा निवडताना दोन मापे मुख्य. एक व्यास, म्हणजे पाती फिरून जे वर्तुळ होते त्याची रुंदी. दुसरे पिच, म्हणजे लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जायला हवा ते अंतर. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने बोट तितकी पुढे जात नाही, काही भाग घसरण्यात जातो. पिच फार ठेवले तर इंजिन धापा टाकते, त्याचे फेरे पुरे होत नाहीत आणि धूर निघतो. फार कमी ठेवले तर इंजिन भरभर फिरते, बोट मात्र रेंगाळते. चढावर गाडी चौथ्या गिअरमध्ये रेटणे आणि सपाट रस्त्यावर पहिल्यात पळवणे, असा हा फरक. जड माल ओढायचा तर मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, सावकाश फिरणारा पंखा उत्तम, कारण पुष्कळ पाणी हळू ढकलणे हे थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा किफायतीचे असते. कोकणातल्या मासेमारी बोटींवर डिझेल इंजिन आणि पंख्याच्या मध्ये फेरे कमी करणारा गिअर असतो, तो यासाठीच.

आता हे गणित वर्धेत आणून पाहावे. माल ओढायला मोठा पंखा हवा आणि मोठ्या पंख्याला खोल पाणी हवे. पाते पृष्ठभागाच्या फार जवळ आले तर ते हवा ओढून घेते आणि पाण्यावरची पकड सुटते. खाली आले तर वाळू घासते, खडकावर वाकते. प्राणहितेत पावसाळा सरल्यावर गुडघाभर ते कमरेएवढे पाणी. तिथे समुद्रावर जिंकलेला पंखा हरतो आणि हरलेले चाक जिंकते. रुंद फळ्यांचे मोठे चाक जेमतेम हात-दीड हात पाण्यात बुडून काम भागवते, आणि नदीत लाटेने कलंडायचा प्रश्नच नसतो. चाक बोटीच्या मागे बसवले तर अरुंद वाटेतून जाताना खडकाचा धक्काही वाचतो. म्हणून उथळ नद्यांवर, मिसिसिपीपासून इरावतीपर्यंत, चाकाच्या सपाट तळाच्या बोटी कितीतरी वर्षे टिकल्या. पंख्याला बोटीच्या पोटात खोबण करून अर्धा आत लपवायची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. कॉटन यांच्या योजनेला ती उशिरा आली.

चाकाने सगळे का सुटले नाही?

चाक उथळ पाण्यात चालते, पण खडकावर चढत नाही. वाटेत नदीने तीन ठिकाणी अडवले होते: गोदावरीवर दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली, प्राणहितेवर अहेरीकडचे देवलमरी. या तिन्ही जागी मैलोन्‌मैल खडकांची रांग आणि खळाळ. उपाय असा की बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा आणि त्यात दोन दरवाजांची कुंडे बांधायची. बोट कुंडात शिरली की दरवाजा लावून पाणी भरायचे, बोट आपोआप वर उचलली जाते. दुम्मागुडेमचे दगडी काम उभे राहिले. वरच्या दोन जागी काम रखडत गेले. निबिड जंगल, मजुरांची टंचाई आणि हिवताप यांनी माणसे टिकू दिली नाहीत.

याहून मोठी गोम पिकाच्या वेळापत्रकात होती. नदी भरते जून ते ऑक्टोबर. कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन माघ-फाल्गुनापर्यंत चालते. म्हणजे हिंगणघाटच्या बाजारात गाठी तयार होतात तेव्हा नदी आटायला लागलेली असते. माल पुढच्या पावसापर्यंत कोठारात ठेवायचा तर पैसा सात-आठ महिने अडकतो, आणि भाव पडण्याची टांगती तलवार व्यापाऱ्याच्या डोक्यावर. स्वस्त भाड्याचा फायदा तिथेच गळून जातो. कॉटन यांचे मैलामागे भाड्याचे आकडे बरोबर असतीलही. पण बाराही महिने चालणाऱ्या वाटेशी पाच महिन्यांच्या वाटेची तुलना नुसत्या भाड्यावर करता येत नाही. धवळेश्वरमच्या खाली, जिथे बंधाऱ्यामुळे कालव्यांत पाणी राही, तिथे जे जमले तेच वर जमेल असे त्यांनी धरले, असे म्हणावे लागते.

रेल्वेने शेवट केला?

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाची तेजी कोसळली. १८६६ मध्ये वर्धा जिल्ह्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याहून पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्धा शहराच्या जागी आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. हिवाळ्यात बांधलेली गाठ आता हिवाळ्यातच मुंबईला जाऊ लागली. १८७१ मध्ये सरकारने वरच्या गोदावरीचा जलमार्ग सोडून दिला. त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे रेल्वेचा फाटा निघाला, आणि नदीकडे पाहायचे कारणच उरले नाही.

कॉटन यांनी हार मानली नाही. तुंगभद्रेच्या पाण्यावर खासगी कंपनीने काढलेला कर्नूल-कडप्पा कालवा त्यांच्याच विचारांतून आला होता. तो पैशाच्या दृष्टीने बुडाला आणि विरोधकांना कोलीत मिळाले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन आणि मद्रास होरपळत असताना त्यांनी पुन्हा तोफ डागली. रेल्वेवर ओतलेला पैसा कालव्यांत घातला असता तर लोक वाचले असते, हा त्यांचा दावा. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यांची कसून उलटतपासणी झाली आणि समितीने त्यांची बाजू उचलून धरली नाही. जलमार्गांबाबत ते हट्टाने चुकले. पण दुष्काळात धान्य वाहून आणणारी रेल्वे असूनही माणसे मेली आणि कालव्याखालचा गोदावरीचा मुलूख तगला, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही.

अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये डॉर्किंगला काढली. तिथेही जमीन खोल नांगरून पीक वाढवायचे प्रयोग चालू होते. २४ जुलै १८९९ रोजी, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा बोट येईल का?

देशाच्या वर्गवारीतल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या जलमार्गालाही किमान १.२ मीटर पाणी लागते. आजच्या मालबोटी डिझेलवर आणि पंख्यावर चालतात, त्यांना उथळ पाणी चाकाच्या बोटींपेक्षाही कमी मानवते. शिवाय कॉटन यांच्या वेळी मोकळी असलेली वर्धा आता मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा आणि आर्वी तालुक्यातल्या निम्न वर्धा या धरणांनी अडवली आहे. ती सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली धरणे आहेत. उन्हाळ्यात त्यातून सोडलेल्या प्रत्येक थेंबावर शेत, शहर आणि कारखाने यांचा हक्क आधीच लागलेला असतो. बोट तरंगवायला पाणी सोडायचे तर ते यांपैकी कोणाच्या वाट्यातून, हे जलमार्गाच्या कायद्यात लिहिलेले नाही.