इस्रायल जोशुआ सिंगर

इस्रायल जोशुआ सिंगर (३० नोव्हेंबर, १८९३:बिल्गोराय, पोलंड - १० फेब्रुवारी, १९४४:न्यू यॉर्क, अमेरिका) हे यिडिश भाषेतील कादंबरीकार, कथाकार व पत्रकार होते. पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांच्या अनेक पिढ्यांचा इतिहास मांडणाऱ्या कादंबऱ्यांसाठी ते ओळखले जातात. नोबेल पारितोषिक विजेते आयझॅक बाशेविस सिंगर हे त्यांचे धाकटे बंधू, तर लेखिका एस्थर क्राइटमन ह्या थोरल्या भगिनी होत.

जीवन

सिंगर यांचा जन्म झाला तेव्हा पोलंडचा हा भाग रशियन साम्राज्यात होता. वडील हसिदी पंथाचे भाविक रब्बी होते. आईचे माहेरही रब्बींचेच, परंतु हसिदी पंथाला विरोध करणारे व तर्काला मान देणारे. घरातील हा विरोध सिंगर यांच्या लेखनात पुढे वारंवार उमटला. कुटुंब वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर राहावयास आल्यानंतर तरुणपणीच त्यांनी धार्मिक जीवन सोडले. काही काळ चित्रकलेचाही नाद केला.

रशियन राज्यक्रांतीनंतरची काही वर्षे त्यांनी क्यीव व मॉस्को येथे काढली आणि निराश होऊन ते वॉर्साला परतले. त्यांच्या 'मोती' ह्या कथेने न्यू यॉर्कमधील 'फोरवर्ट्स' ह्या यिडिश दैनिकाचे संपादक अब्राहम काहान यांचे लक्ष वेधले व सिंगर त्या पत्राचे वार्ताहर झाले. १९२७ मधील 'पोलाद आणि लोखंड' ह्या कादंबरीवर कठोर टीका झाली, तेव्हा यिडिश साहित्य सोडत असल्याचे त्यांनी जाहीर केले होते. १९३२ च्या 'योशे काल्ब' ह्या कादंबरीने ते पुन्हा वाचकांसमोर आले. मॉरिस श्वार्ट्झ यांनी तिचे नाट्यरूप न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर आणले व ते विलक्षण गाजले. १९३४ मध्ये सिंगर सहकुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. धाकट्या भावाला १९३५ मध्ये तेथे आणण्यातही त्यांचा हात होता.

द ब्रदर्स अश्केनाझी

१९३६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कादंबरी होय. वूच (लॉड्झ) ह्या गिरण्यांच्या शहराची वाढ व पडझड तिच्यात सिम्खा मायर आणि याकोव बुनिम ह्या जुळ्या भावांच्या वैरातून सांगितली आहे. थोरला हिशेबी व महत्त्वाकांक्षी असून तो मॅक्स हे नाव घेतो, कारखान्याचा मालक होतो. धाकट्याला यश आपसूक लाभते. हातमागावरचे विणकर, संप, १९०५ ची क्रांती, पहिले महायुद्ध हे सारे कथेत येते. मात्र पैसा, युरोपीय पोशाख वा नवे नाव यांपैकी काहीही ह्या कुटुंबाला ज्यूद्वेषापासून वाचवू शकत नाही. स्वतंत्र पोलंडच्या सीमेवर एक अधिकारी दोघा भावांचा अपमान करतो; मॅक्स तो गिळतो, याकोव प्रतिकार करतो व मारला जातो. सिंगर यांचे कोणतेही पात्र निर्दोष नाही. ज्यू गिरणीमालकाने ज्यू कामगाराची केलेली पिळवणूकही ते लपवत नाहीत.

कादंबरीनंतर तीनच वर्षांनी जर्मन सैन्याने वूच व्यापले. सिंगर हृदयविकाराने निधन पावले तेव्हा तेथील घेट्टोमध्ये अद्याप हजारो ज्यू जिवंत होते. त्यांपैकी बहुतेकांना ऑगस्ट १९४४ मध्ये ऑश्विट्झला नेण्यात आले.

इतर लेखन

'द फॅमिली कार्नोव्स्की' (१९४३) मध्ये पोलंड, बर्लिन व न्यू यॉर्क असा एका घराण्याच्या तीन पिढ्यांचा प्रवास आहे. बालपणीच्या आठवणींचे पुस्तक १९४६ मध्ये मरणोत्तर निघाले. आयझॅक यांनी 'द फॅमिली मॉस्कट' (१९५०) ही कादंबरी ह्या भावाच्या स्मृतीस अर्पण केली. 'द ब्रदर्स अश्केनाझी'चा पहिला इंग्रजी अनुवाद मॉरिस सॅम्युएल यांचा. पुढे १९८० मध्ये सिंगर यांचे पुत्र जोसेफ यांनी तो नव्याने केला.