चिंतामणरावांचा अपुरा राहिलेला निर्णय

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले, तेव्हा मालवण-देवगडच्या मच्छीमारांच्या होड्या फुटल्या, घरांची छपरे उडाली, आंब्याची कलमे उन्मळून पडली. कर्त्या माणसाच्या आयुष्याचा विमा खेड्यापाड्यांतही आढळतो. लहान होडीचा आणि छपराचा मात्र क्वचितच. या तफावतीचे मूळ एका थोर कोकणी अर्थमंत्र्याच्या निर्णयापर्यंत जाऊन पोहोचते.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि १९१८ साली लंडनमधील आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. मध्यप्रांत-वऱ्हाडात महसूल व अर्थ खात्यांत काम केल्यावर १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री.

त्या काळी विमाव्यवसाय प्रामुख्याने खाजगी कंपन्यांच्या हाती होता. १९३८ चा विमा कायदा असूनही काही चालक विमेदारांचा पैसा स्वतःच्याच उद्योगांत गुंतवीत. केवळ नियमनाने हा रोग बरा होणार नाही, अशी देशमुखांची खात्री झाली. बातमी फुटल्यास निधी हलविला जाण्याची भीती होती. म्हणून कमालीची गुप्तता पाळून १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढण्यात आला आणि देशमुखांनी तो आकाशवाणीवरून जाहीर केला. २४५ संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार सरकारकडे आला. १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यापूर्वीच, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले होते.

सर्वसाधारण विम्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. हा विमा व्यापार-उद्योगाचा भाग आहे, तो वर्षावर्षाच्या कराराने चालतो आणि त्यातील दोषांची झळ सामान्य नागरिकाला थेट लागत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कारखाने आणि गोदामे डोळ्यांपुढे ठेवली तर ती तर्कशुद्धच होती. पण ज्याची सारी पुंजी होडी आणि जाळे एवढीच आहे, त्याला ती लागू पडत नव्हती.

पुढे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले, नियामक प्राधिकरणाला कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि ग्रामीण व दुर्बल घटकांना विमा देण्याचे बंधन कंपन्यांवर आले. हवामानाच्या नोंदींवर आधारलेला फळपीक विमा आंबा-काजूच्या बागायतदारापर्यंत आला. पारंपरिक मच्छीमाराला मात्र वादळानंतर पंचनामा आणि सरकारी मदत यांचीच वाट पाहावी लागते. ही मदत अनुग्रह असते. विम्याची रक्कम हा हक्क असतो.

देशमुखांचे निधन २ ऑक्टोबर १९८२ रोजी झाले. विमेदाराचा पैसा ही विश्वस्त निधीसारखी ठेव आहे, हे तत्त्व त्यांनी कायद्यात उतरविले. आज समुद्र तापत असताना ते तत्त्व होडीपर्यंत नेणे, हेच त्यांच्या कार्याचे खरे स्मरण ठरेल.