पालवणकर बाळू

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास इंग्लंडात १८८५ साली रीतसर मान्यता मिळाली. त्याच्या आधीपासूनच स्कॉटलंडचे चांगले चांगले गडी दक्षिणेकडे, लँकेशायरच्या गिरणगावांत, येऊ लागले होते. १८८८-८९ च्या पहिल्या लीगमध्ये प्रेस्टन नॉर्थ एण्ड हा क्लब एकही सामना न हरता अजिंक्य ठरला, तेव्हा त्याच्या संघात स्कॉटिश खेळाडू बरेच होते. स्कॉटलंडच्या फुटबॉल मंडळास हे रुचले नाही. जो इंग्लंडात जाऊन खेळेल त्यास राष्ट्रीय संघात घ्यावयाचे नाही, असा रिवाज त्या मंडळाने १८९६ पर्यंत चालविला. अँड्र्यू वॉटसन ह्या खेळाडूची आई ब्रिटिश गियानातील कृष्णवर्णी स्त्री होती. १८८१ साली लंडनच्या मैदानावर ते स्कॉटलंडचे कर्णधार होते आणि त्या दिवशी इंग्लंडचा ६-१ असा पराभव झाला. पुढील वर्षी वॉटसन लंडनला राहावयास गेले व तेथील क्लबाकडून खेळू लागले. त्यांची राष्ट्रीय कारकीर्द तीन सामन्यांवरच संपली.

तथापि इंग्रजांच्या क्लबाने ह्या मंडळींना निदान संघात घेतले, अंगावर आपला पोशाख चढविला आणि मैदानावर उतरविले. आपल्या महाराष्ट्रात त्याच सुमारास एक मुलगा पुण्यास इंग्रजांच्याच क्लबात नोकरीस होता. त्याच्याइतका चांगला गोलंदाज त्या क्लबात दुसरा नव्हता. तरीही क्लबाकडून खेळण्याचा मान त्यास कधी मिळाला नाही. त्या मुलाचे, म्हणजे पालवणकर बाळू यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जातीने ते चर्मकार, आणि त्या काळी ह्या एका शब्दाने माणसाने कोठे बसावे, कोठे पाणी प्यावे व कोणाच्या सावलीपासून दूर राहावे हे सारे ठरून जात असे. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ खेळू लागले. शाळेचे शिक्षण फार झाले नाही. घरास पैशांची गरज होती.

पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात लागली. मैदान झाडावयाचे, खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर जागा मिळाली. रूळ ओढणे, पाणी मारणे, रेषा आखणे, नेट उभारणे, टेनिसची कोर्टे नीट राखणे अशी कामे सकाळपासून असत. आमच्या माकणीकडील मुलांना क्रिकेटचे वेड कमी नाही. परंतु खेळपट्टीवर रूळ फिरवावयाची वेळ आली की तीच मुले तेरणेच्या काठाकडे पसार होतात, हेही आम्ही पाहतो. बाळूंना पसार होण्याची सोय नव्हती, आणि त्या सक्तीच्या कामातून एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली. माती केव्हा ओली असते, केव्हा भेगाळते, कोठे चेंडू थबकतो व कोठे वळतो, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते त्यांना हाताने मिळाले.

क्लबातील ट्रॉस नावाच्या एका साहेबांनी त्यांस नेटमध्ये गोलंदाजी करावयास सांगितले, असे म्हणतात. बाळू डाव्या हाताने मंद गतीने गोलंदाजी करीत. चेंडू दोन्ही बाजूंस वळविणे, उंची व वेग बदलून फलंदाजास फसविणे ह्या कला त्यांनी तेथेच आत्मसात केल्या. क्लबातील नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे इतरांच्या आधी मैदानावर येऊन एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर तासचे तास सराव करीत. आपणास बाद केले की दर वेळी आठ आणे द्यावयाचे, असा त्यांचा करार होता अशी आख्यायिका आहे. ग्रेगसाहेबांची फलंदाजी ह्या सरावाने तयार झाली व बाळूंची गोलंदाजीही. हेच ग्रेग पुढे इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळले आणि उत्तरायुष्यात कॅथॉलिक धर्मगुरू झाले.

इतके असूनही ह्या सर्व वर्षांत बाळूंच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा प्रांत, गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी विभागणी होती. हजारो चेंडू त्यांनी त्या नेटमध्ये टाकले असतील, पण त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंच्या कानी गेली, तेव्हा मोठाच पेच उभा राहिला. पूना क्लबाच्या साहेबांस हरवावे ही तर सर्वांची इच्छा. ते करू शकेल असा गोलंदाज गावातच हजर. पण त्यास संघात घेतले तर एका चेंडूस सर्वांचे हात लागणार. वाद पुष्कळ झाला. अखेर चेंडूचा विटाळ मानावयाचा नाही असे ठरले व बाळू संघात आले. परंतु चहाच्या वेळी मंडळी मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंस तो बाहेर, मातीच्या परळातून दिला जाई. हातपाय धुवावयाचे तरी पाणी दुसऱ्याने दुरून ओतावयाचे. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. ज्या हाताने मिळविलेल्या विजयाचे पेढे सर्वांनी खाल्ले, त्या हातास पेल्याचा कान धरण्याची बंदी होती. आम्हांस ही विसंगती लहान वाटत नाही, आणि ती केवळ एका जातीच्या माथी मारून मोकळे होणेही आम्हांस बरे वाटत नाही. साहेबांच्या क्लबाचे दार तर हिंदुस्थानातील सर्वच जातींस सारखेच बंद होते.

हिंदू संघाने युरोपियनांस पुण्यास हरविले. साताऱ्यासही तसेच झाले. तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची धार बोथट करण्यासाठी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी केली होती म्हणतात. बाळूंनी सात गडी बाद केले. परत आल्यावर न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोर पुरुषाने त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्या पंक्तीस बसण्यास का कचरता, हा रानड्यांचा प्रश्न होता.

पुढे प्लेगच्या दिवसांत कुटुंब मुंबईस गेले. बाळूंनी काही काळ लष्करात नोकरी केली व नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळतानाही पुण्याचीच कुरकुर पुन्हा झाली व ती पुन्हा मागे पडली. धाकटे बंधू शिवराम हेही संघात आले. पुढे गणपत व विठ्ठल आले. चार सख्खे भाऊ एकाच संघाच्या तोलाचे, असे उदाहरण कोणत्याही देशात विरळाच.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांनी १९१ व १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बंगालच्या फाळणीस तेव्हा काही महिनेच झाले होते आणि स्वदेशीची हवा देशभर होती. त्या विजयाचा आनंद मैदानापुरता राहिला नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ ह्या पत्राने मात्र धावांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखविले. पुण्यास पंक्तीबाहेर ठेवलेल्या खेळाडूस मुंबईच्या जिमखान्यात सहकाऱ्यांसमवेत भोजनास बसविले जात होते. मातीच्या परळापासून ह्या ताटापर्यंत यावयास सुमारे दहा वर्षे लागली होती.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडास गेला. संघात पारशी, हिंदू, मुसलमान सर्व होते. बाळू व शिवराम हे दोघेही होते. महाराजांचे लक्ष दरबारी समारंभांकडे अधिक राहिले व ते बहुतेक सामन्यांस हजर नव्हते. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले, २ अनिर्णित राहिले. एकंदर पाहता दौरा अपयशीच म्हणावा लागेल. त्यात बाळूंनी एकट्याने ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी टिपले. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी दोन्ही डावांत मिळून ११ बळी घेतले आणि सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक ठोकून सामना जिंकून दिला. त्या वेळी बाळूंचे वय पस्तीस होते व खांदा दुखत असे. पूना क्लबात ज्यांच्यासाठी नेट बांधले त्यांच्याच देशातील उत्तम फलंदाजांना त्यांनी असे नमविले.

परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते असे सांगतात. आंबेडकरांना बाळूंविषयी किती अभिमान वाटत असे, हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे.

आता मैदानावर बसावयास जागा मिळाली, ताट मिळाले. एक गोष्ट राहिली, ती म्हणजे कर्णधारपद. १९१३ पासून दर वर्षी हा प्रश्न निघे व दर वर्षी बाजूस सारला जाई. कर्णधार नेमले गेलेले एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंचा होता असे जाहीरपणे सांगितले. त्यांच्या ह्या दिलदारीची नोंद केलीच पाहिजे. १९२० साली तर बाळूंस संघातूनच वगळले आणि कर्णधार म्हणून त्यांच्या भावांपेक्षा कमी अनुभवी गृहस्थास पुढे केले. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्या दोघांनी खेळण्याचे नाकारले व त्याची कारणे वर्तमानपत्रांतून लोकांसमोर मांडली. गोष्ट गाजली. अंतिम सामन्यासाठी बाळूंस परत बोलावून उपकर्णधार केले, भाऊही परतले. त्या सामन्यात पै मैदान सोडून बाहेर गेले असता थोडा वेळ संघाची सूत्रे बाळूंकडे आली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, काही षटकांपुरते! तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. बाळूंचे खेळणे तोपर्यंत थांबले होते. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले. दर गड्यास सरासरी १५ धावांहून थोडे अधिक. ही सर्व गणना वयाच्या तिशीजवळ आल्यावर सुरू होते, हे विसरू नये.

राजकारणात ते महात्मा गांधींच्या बाजूस राहिले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मत जुळले नाही. तरी त्या वर्षीच्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. एके काळी ज्यांनी त्यांचे गुणगान केले त्यांच्याशीच गाठ पडली. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. काँग्रेसने बाळूंस ह्या लढतीत घालावयास नको होते असे आम्हांस वाटते. परंतु मतांचा आकडा पाहता कामगार वस्तीतील लोक आपल्या जुन्या गोलंदाजास विसरले नव्हते हेही उघड आहे.

बंधू विठ्ठल यांनी आपल्या क्रीडाजीवनाची हकीकत मराठीत लिहून ठेविली. बाळूंनी स्वतः काही लिहिले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.